नकाशावरच्या नावांनी फसू नका: माया आणि मिहे-सोके भाषांचा मुलूख

नमस्कार श्रोतेहो. मेक्सिकोच्या दक्षिण भागात देशाची कंबर एकदम बारीक होते. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर, मधे जेमतेम 200 किलोमीटर जमीन. ही तेवान्तेपेकची संयोगभूमी. मिहे-सोके कुळातल्या भाषा इथे आणि आजूबाजूला बोलतात: मिहे पश्चिमेला वाहाका राज्याच्या डोंगरांत, सोके मुख्यतः चियापास राज्याच्या वायव्य भागात. माया भाषांचा मुलूख तिथून पूर्वेला, युकातान, चियापास, ग्वातेमाला, बेलीझपर्यंत. एकट्या ग्वातेमालात 22 माया भाषांना सरकारी मान्यता आहे. त्यांतली किचे सुमारे दहा लाख लोक बोलतात.

याला ठळक अपवाद वास्तेकचा. ही माया भाषाच, पण शेकडो किलोमीटर वायव्येला, सान लुइस पोतोसी आणि उत्तर व्हेराक्रुझमध्ये एकटी पडलेली. तिची सर्वांत जवळची बहीण चिकोमुसेल्तेक मात्र थेट ग्वातेमालाच्या सीमेलगत, चियापासमध्ये होती. विसाव्या शतकात ती बोलणारं कुणी उरलं नाही.

खरा घोळ होतो तो नावांचा. दक्षिण व्हेराक्रुझमधल्या चार भाषांना ‘पोपोलुका’ म्हणतात. सोतेआपान आणि तेशिस्तेपेक इथल्या दोन सोके शाखेच्या, सायुला आणि ओलुता इथल्या दोन मिहे शाखेच्या. शेजारच्या पुएब्ला राज्यात मात्र ‘पोपोलोका’ आहे, आणि तिचं कुळच वेगळं. एका स्वराचा फरक, तोही घाईत लिहिणारा गाळतो! ‘चोन्ताल’चंही तेच. ताबास्कोतली चोन्ताल माया कुळातली, वाहाकातली नाही. कारण ही नावं त्या लोकांनी घेतलेली नाहीत, नाव्हात्ल, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची भाषा, बोलणाऱ्यांनी दिली. पहिल्याचा अर्थ साधारण ‘न कळणारं बोलणारे’, दुसऱ्याचा ‘परका’. तेव्हा नुसत्या नावावरून भाषांच्या नकाशात रंग भरू नका. सोबत राज्य आणि गाव बघा. स्वतःची नावं निराळीच असतात: वास्तेक लोक आपल्या भाषेला तेनेक म्हणतात, मिहे अयूक.

आणखी एक. 1982 च्या मार्च-एप्रिलमध्ये चियापासमधल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. भोवतालची सोके गावं राखेखाली गेली, वाचलेली माणसं दूर दूर नव्या वस्त्यांत गेली. सोके भाषेचा नकाशा हाती आला, तर आधी त्याचं साल बघा. जुना असेल, तर त्यावरची काही गावं आता त्या जागी नाहीत.