बँकॉकमध्ये शाकाहारी: ‘काय’ आणि ‘खाय’

(दृश्य: चायनाटाउनचा याओवारात रस्ता, संध्याकाळ. कढईखाली गॅसची मोठी आच.)

बँकॉकच्या चायनाटाउनमधल्या हातगाड्यांवर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. बाई हसून मान डोलावते, मांसाचे तुकडे वगळते आणि भाजीवर बाटलीतून नाम प्ला ओतते. नाम प्ला म्हणजे मिठात मुरवलेल्या माशांचं पाणी. इथे ते मिठाच्या जागी पडतं. यात फसवणूक नाही. मांस घातलं नाही, म्हणजे झालं, असा तिचा हिशेब.

म्हणून शब्द बदला. ‘किन जे’ म्हणा. ‘किन’ म्हणजे खाणं, ‘जे’ म्हणजे इथला कडक शाकाहार. शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ जोडायचं, बायकांनी ‘खा’.

(दृश्य: पिवळी पताका, लाल अक्षरं.)

ही खूण लक्षात ठेवा. थाई लिपीतलं हे ‘जे’ दिसतं इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं. ही पताका असलेल्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींचं अर्धं काम इथे होतं. अर्धंच, कारण मुळा आणि गाजर चालतं. ते वेगळं विचारावं लागेल. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या पाकिटांवरही हीच खूण शोधा. पाव घेताना तर नक्कीच, आत डुकराच्या मांसाचा चुरा असू शकतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस जे-उत्सव असतो, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या सुमारास. तेव्हा याओवारात रस्ता पिवळाधमक होतो.

दुसरा शब्द ‘मांगसाविरात’. मांस आणि विरती, दोन्ही आपल्या ओळखीचे. यात अंडं-दूध चालतं. पण गाडीवर हा शब्द वापरलात तरी पुढे ‘माय साय नाम प्ला’ म्हणाच, म्हणजे नाम प्ला घालू नका.

अंडं नको असेल तर ‘माय साय खाय’. ‘खाय’ म्हणजे अंडं, ‘काय’ म्हणजे कोंबडी. दोन्हींचा सूर एकच, फरक फक्त क आणि ख चा. इंग्रज पर्यटक इथे अडखळतात. मराठी माणसाला अडखळायचं कारण नाही.

(दृश्य: मातीचा खल, लाकडी बत्ता, कच्च्या पपईचा कीस.)

हे सोम ताम, कच्च्या पपईची कोशिंबीर. खलाच्या तळाशी पाहा: मघाच्या गिऱ्हाईकाच्या सोड्यांचे गुलाबी तुकडे. तुमच्यासाठी सोडे वगळले तरी खल तोच. पाद थाय या परतलेल्या नूडल्समध्येही सोडे, अंडं आणि नाम प्ला असतं, पण ते ताजं परततात, त्यामुळे बहुधा वगळता येतं. हिरव्या-लाल करीचं तसं नाही. तिच्या वाटणातच कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, आधीच वाटलेली असते. वाटणातून ती काढणार कशी? करी खायची तर जे-दुकानातच. नूडल सूपचं पाणी बहुधा हाडांचं असतं. ते सोडूनच द्या. टेबलावरचं मिरच्या घातलेलं तपकिरी पाणीसुद्धा नाम प्लाच.

(दृश्य: साम योत मेट्रो स्टेशन.)

अगदीच कंटाळा आला तर फाहुरात ही भारतीय वस्ती गाठा. चायनाटाउनच्या वात मांगकोन मेट्रो स्टेशनपासून एकच स्टेशन, साम योत. या मार्गावर काँटॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकावर टेकवता येतं. मात्र भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते निघण्यापूर्वीच चालू करून घ्या. आत शिरताना आणि बाहेर पडताना कार्ड एकच हवं. घरातल्या चौघांना चार कार्डं लागतील, नाहीतर तिकीट काढा.

फाहुरातमध्ये सोनेरी घुमटाच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत भारतीय खाणावळी. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा.

(दृश्य: केळीच्या पानावर चिकट भात, नारळाचं दूध, आंब्याच्या फोडी.)

एप्रिल-मेमध्ये गेलात तर याला काही विचारायची गरज नाही. खाओ नियाव मामुआंग. वरचे पिवळे दाणे सोललेल्या मुगाचे.