आगीच्या धसक्याने बांधलेली गिरणी

नमस्कार श्रोतेहो. आज एका जुन्या गिरणीच्या बिल्डिंगबद्दल बोलूया. इंग्लंडमध्ये श्रूझबरी शहराला लागून डिथरिंग्टन म्हणून भाग आहे, तिथली ही फ्लॅक्स मिल, म्हणजे जवसाच्या काड्यांमधून निघणाऱ्या तंतूंचं लिननचं सूत कातायची वाफेवरची गिरणी, 1796-97 मध्ये बांधलेली. बाहेरून पाहिलंत तर विटांची पाच मजली साधी इमारत, यात काय एवढं असं वाटेल. गंमत सगळी आत आहे.

त्या काळी गिरण्या आतून बहुतेक लाकडीच असायच्या, खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, खाली फळ्या, त्या फळ्यांत मशीनचं तेल मुरलेलं, हवेत तंतूंची धूळ, आणि उजेडाला मेणबत्त्या नि दिवे. मग जळणार नाही तर काय! जॉन मार्शल आणि बेन्यन बंधूंची लीड्समधली गिरणी 1796 मध्येच आगीत गेली, आणि याच मंडळींचा पैसा डिथरिंग्टनलाही लागला होता.

नवी इमारत डिझाइन केली चार्ल्स बेजने. हा माणूस धंद्याने वाइनचा व्यापारी, जोडीला सर्व्हेयर, पण बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब किती वजन पेलेल याचं गणित मांडून बसणारा. त्याने खांबही बिडाचे घेतले आणि तुळयाही. बिडाचे खांब आणि विटांच्या कमानी डर्बीच्या गिरणीत आधी येऊन गेल्या होत्या हो, पण तिथे तुळया लाकडीच होत्या. बिडाच्या तुळया हे बेजचं पाऊल, म्हणून ही जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत मानतात.

रचना अशी की दोन तुळयांच्या मधे विटांची बुटकी कमान, आणि त्या कमानीवर वरच्या मजल्याची जमीन. आता कमान म्हटली की ती दोन्ही बाजूंना रेटा देणार, तो रेटा धरून ठेवायला तुळईपासून तुळईपर्यंत घडीव लोखंडाचे गज ताणलेले. खांबाचा आडवा छेद अधिकचिन्हासारखा. बीड दाबाला दणकट पण ताणाला कच्चं, आणि तुळई वाकते तेव्हा ताण येतो तो खालच्या कडेला, म्हणजे सगळी जोखीम तिथे. पुढे 1844 मध्ये ओल्डहॅमला बिडाच्या तुळया मोडून एक गिरणी कोसळली आणि माणसं मेली. आगीचा धोका टाळला तर हा दुसरा उभा राहिला.

आता वाफेचं इंजिन आलं म्हणजे नदीकाठाची सक्ती संपली, पण कोळसा तर हवाच ना, तो आणायला कालवा शेजारूनच गेलेला. इंजिनची ताकद शाफ्टवरून, म्हणजे फिरत्या लांब दांड्यांवरून, मजल्यामजल्यावर न्यायची आणि तिथून पट्ट्यांनी मशीनला द्यायची, त्यामुळे मशीनच्या रांगा शाफ्टच्या बाजूने सरळ लावायच्या, म्हणून इमारत लांबुळकी आणि अरुंद. अरुंद असल्याने दोन्ही भिंतींच्या खिडक्यांचा उजेड मधल्या मशीनपर्यंत पोचायचा, दिव्यांची गरजही तेवढी कमी. विटा नेहमीपेक्षा मोठ्या, कारण सरकारचा कर विटांच्या संख्येवर होता! या एवढ्या जपून बांधलेल्या इमारतीत कामाला लहान मुलंही होती, त्यांना राहायला आवारातच घर बांधलेलं.

हिला गगनचुंबी इमारतींची आजी म्हणतात, ते मला जरा जास्तच वाटतं, कारण इथे बाहेरच्या विटांच्या भिंतीही वजन उचलतात, सांगाडा फक्त आतला. पण नातं आहे हे खरं.

1886 मध्ये गिरणी बंद पडली, 1897 पासून तिथे बिअरसाठी बार्लीचं माल्ट, म्हणजे भिजवून मोड आणून वाळवलेली बार्ली, करायला लागले, आणि माल्टला अंधार बरा म्हणून मूळच्या बऱ्याच खिडक्या विटांनी बुजवल्या. तेही काम 1987 मध्ये थांबलं. मग डागडुजी होऊन 2022 मध्ये इमारत लोकांसाठी उघडली, तिकडे गेलात तर पाहून घ्या, आणि आत शिरल्यावर आधी मान वर करून छताच्या कमानी बघा.