पुस्तक मिटून लिहिताना

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत रात्री दहाला डोकावून बघा. टेबलांवर पुस्तकं उघडी, कानांत इअरफोन, हातात पिवळा हायलायटर. पुस्तक मिटून, कोरा कागद पुढ्यात घेऊन लिहिणारा मात्र शोधावा लागतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायी होती, तोवर हे खपून गेलं. चार पर्यायांतला एक ओळखीचा वाटला की काम भागायचं. २०२५च्या परीक्षेपासून ती वर्णनात्मक झाली आणि आता ओळखून भागत नाही, आठवावं लागतं. वाचताना सगळं समजलंय असं वाटतं, कारण उत्तर डोळ्यांसमोरच छापलेलं असतं.

हे आपल्याकडे नवीन नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की घराघरात परवचा चालायचा. पाठांतराला आज आपण नावं ठेवतो, पण त्यात एक गोष्ट चोख होती. पुस्तक न बघता म्हणायचं, आणि अडलं की मोठं माणूस तिथल्या तिथे सुधारायचं.

अमेरिकेत आर्थर गेट्स यांनी १९१७ साली शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की वेळेचा मोठा वाटा न बघता म्हणण्यात घालवला तर मजकूर जास्त लक्षात राहतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांत नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. यातला पहिला आकडा नीट लक्षात घ्या, कारण तोच फसवतो. नुकतंच वाचलेलं डोक्यात ताजं असतं आणि आपण समाधानाने पुढचं प्रकरण उघडतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं? एक तास घ्या. त्यातली पस्तीस मिनिटं एकाच घटकाचं वाचन. हातात पेन नको, हायलायटरही नको. मग पुस्तक मिटून बॅगेत ठेवा. टेबलावर राहिलं तर हात जातोच. पुढची पंधरा मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवा, क्रम चुकला तरी चालेल. उरलेल्या दहा मिनिटांत पुस्तक उघडून वेगळ्या शाईने फक्त राहिलेलं आणि चुकलेलं भरा. कागदावर तारीख टाका. दुसऱ्या दिवशी त्याच घटकाला दहा मिनिटं द्या, पण कागद नवा आणि कोरा.

एक उदाहरण बघू. घटक घेऊ पंचायत राज. १९५७ची केंद्राची बलवंतराय मेहता समिती, १९६०ची महाराष्ट्राची वसंतराव नाईक समिती, १९६१चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा, १ मे १९६२पासून अंमलबजावणी. वाचताना हे सगळं सरळ वाटतं. कागदावर लिहायला घेतलं की नावं आणि सालं उतरतात, आणि पेन अडतं ते पुढच्या प्रश्नावर: दोन्ही समित्यांत फरक काय? मेहता समितीने खरी कामं पंचायत समितीकडे दिली होती आणि जिल्हा परिषदेला सल्ला व देखरेख एवढीच भूमिका ठेवली होती. नाईक समितीने जिल्हा हाच मुख्य घटक धरून जिल्हा परिषदेला बळ दिलं. मेहता समितीला जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी हवा होता. महाराष्ट्राने त्याला बाहेर ठेवून निवडून आलेला अध्यक्ष आणला. परीक्षेतला प्रश्न नेमका या फरकावर येतो. आपल्याला तो ठाऊक नाही, हे दहा वेळा वाचून कळत नाही. पेन अडलं की एका मिनिटात कळतं, आणि मग पुस्तकातला तोच परिच्छेद आपण वेगळ्या भुकेने वाचतो.

आठवड्याने त्याच घटकावर पूर्ण उत्तर लिहा, घड्याळ लावून. २५० गुणांना तीन तास, म्हणजे दहा गुणांच्या उत्तराला सात मिनिटं. त्यातलं एक मिनिट मुद्द्यांचा सांगाडा आखण्यात जातं. उरलेल्या सहा मिनिटांत दीडशे शब्द उतरवायचे, म्हणजे मिनिटाला पंचवीस. हा वेग हाताला सवय असल्याशिवाय येत नाही. टायपिंगवर वाढलेल्या पिढीचा हात सुरुवातीला दुसऱ्या पानावरच दुखायला लागतो, म्हणून परीक्षेच्या किमान सहा महिने आधी रोज दोन उत्तरं हातानेच लिहायला घ्या.

चुकतं कुठे? सगळ्यात जास्त चुकतं टिपणं काढण्यात. पुस्तक उघडं ठेवून वहीत उतरवणं म्हणजे नक्कल; हात चालतो, डोकं बसून राहतं. सुंदर रंगीत टिपणांची वही बघून फार बरं वाटतं, म्हणूनच ती सोडवत नाही. वाचन संपल्यावर न बघता काढलेलं टिपण ओबडधोबड असेल, पण ते तुमचं असतं. दुसरी चूक अडल्याबरोबर पुस्तक उघडण्याची. निदान दोन मिनिटं थांबा. आठवायची धडपड हाच तर व्यायाम आहे. आणि लिहिलेलं कुणीच तपासलं नाही, तर तीच चूक पक्की होते. शेजारच्या टेबलावरच्या मित्राशी कागद बदला. त्याने एवढंच सांगायचं: प्रश्नात जे विचारलं त्याचं उत्तर कोणत्या ओळीत आलं?

उलटंही होतं. काही जण लेखनाच्या नादाला लागून वाचन सोडतात. मग विषय शेतीचा असो की शहरांचा, उत्तरात तेच चार मुद्दे, तीच योजना, तीच प्रस्तावना. सलग तीन उत्तरांत एकच उदाहरण आलं, की समजा कोठार रिकामं झालंय. दोन दिवस लेखन थांबवा आणि फक्त वाचा. नव्या विषयाचा पहिला आठवडाही वाचनाचाच असतो. आठवायला आधी आत काहीतरी हवं. त्यानंतर मात्र निम्मा वेळ लिहिण्या-बोलण्याला द्या. परीक्षा जवळ आली की त्याहून जास्त.

नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांना टेबल-कागद दिवसातून तासभरच मिळतो. तो तास वाचनात घालवू नका, लिहिण्यासाठी राखून ठेवा. वाचन डब्याच्या सुट्टीतही होतं. आणि बसमध्ये उभं राहून पुस्तक धरता येत नसेल, तर खिडकीबाहेर बघत काल वाचलेल्या घटकाचे मुद्दे बोटांवर मोजा. अंगठ्यापासून सुरुवात करायची, पाच मुद्दे. चौथ्या बोटाशी अडलात, तर उतरल्यावर नेमकं तेवढंच पान उघडा.

नमस्कार.