जाती नामशेष होतात, त्याबद्दल बायबल काय सांगतं?

नमस्कार. एक जनावर मरणं वेगळं आणि त्याची जातच पृथ्वीवरून पुसली जाणं वेगळं. आज या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय. ख्रिस्ती पवित्र शास्त्रात याचा काही विचार आहे का?

दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. विज्ञान शिकलेले म्हणतात, एवढ्या जुन्या काळच्या लोकांना हे कुठून ठाऊक असणार? आणि मंडळीतले अनेकजण म्हणतात, देवानं केलंय ते देव सांभाळेल, आपण कशाला काळजी करायची? मला वाटतं, दोघांचेही संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारे बायबलमधले लेखक, वाचायचे राहून गेलेत.

पण सुरुवात बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकापासून करू. अध्याय 38 ते 41. ईयोब देवाशी भांडतोय, माझ्यावर हे दुःख का आलं म्हणून. देव वावटळीतून बोलतो, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो जनावरं दाखवतो. सिंहीण, कावळ्याची पिल्लं, डोंगरातल्या रानबकऱ्या, रानगाढव, रानबैल, शहामृग, गरुड. लढाईतला घोडा सोडला तर यातलं एकही माणसाच्या उपयोगाचं नाही, आणि देव ते मुद्दाम ऐकवतो. रानबैल तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढेल का? जिथे माणूस राहतच नाही त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतं? ही जनावरं देवाला आवडतात, आणि ती ईयोबासाठी केलेलीच नाहीत.

(पडद्यावर: रानबैल, रानगाढव, शहामृग, सिंह)

या यादीचं पुढे काय झालं बघा. रानबैल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपल्या गाईगुरांचा तो प्रचंड रानटी पूर्वज. त्याची शेवटची गाय 1627 मध्ये पोलंडमध्ये मेली. सिरियाच्या वाळवंटातलं रानगाढव 1920 च्या दशकाच्या अखेरीस संपलं. अरबस्तानातला शहामृग बंदुका आणि मोटारी आल्यावर विसाव्या शतकात गेला. सिंह तर यरुशलेमच्या आसपासच्या प्रदेशातून कित्येक शतकांपूर्वीच नाहीसा झाला. शमशोनानं फाडला तो सिंह, दाविदानं मारला तो, दानिएलाला ज्यांच्यापुढे टाकलं ते, हे सगळे ज्या आशियाई सिंहांपैकी होते, तो आज रानात मोकळा फक्त गुजरातमध्ये उरलाय. यरुशलेमच्या वाटेवर तो कुणाला दिसणार नाही.

आता एक विचित्र गोष्ट. युरोपातल्या श्रद्धावंत ख्रिस्ती विद्वानांनी शतकानुशतकं हे मान्यच केलं नाही, की एखादी जात संपू शकते. आयर्लंडमध्ये दलदलीच्या जमिनीतून अवाढव्य शिंगं निघायची. 1697 मध्ये थॉमस मॉलिन्यू या तिथल्या डॉक्टरनं त्यावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की देवाची योजना कुठल्याही जातीला समूळ नाहीसं होऊ देत नाही, तेव्हा हे हरिण अजून कुठेतरी असणार, बहुधा अमेरिकेत. ते कुठेच नव्हतं. पुढे 1796 मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए यानं मॅमथचे जबडे आणि दात हत्तींच्या जबड्यांशेजारी ठेवून दाखवलं, की हा प्राणी वेगळा आहे आणि तो उरलेला नाही. तिथून हा वाद फिरला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मॉलिन्यूची खात्री पवित्र शास्त्रातून आलेली नव्हती. सृष्टी पूर्ण असायची तर तिच्यात सगळ्या प्रकारचे जीव असलेच पाहिजेत, साखळीतली एक कडीही गळता कामा नये, हा विचार प्लेटोपासून चालत आलेला. तो ख्रिस्ती विचारात इतका मुरला की लोकांना तो बायबलचाच वाटू लागला. बायबल मात्र असं आश्वासन कुठेच देत नाही. उलटंच सांगतं.

(पडद्यावर: होशेय 4:1–3)

होशेय संदेष्टा. इसवी सनापूर्वीचं आठवं शतक, उत्तरेकडचं इस्राएल राज्य. तो आरोपपत्र वाचावं तसं बोलतो: देशात सत्य नाही, दया नाही, देवाची ओळख नाही, खोट्या शपथा, खून, चोरी, व्यभिचार, रक्तपातावर रक्तपात. आणि लगेच पुढच्या वचनात, म्हणून भूमी शोक करते आहे, आणि रानातली जनावरं, आकाशातली पाखरं, समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होताहेत.

ते 'म्हणून' सोडू नका. जनावरांनी काही केलेलं नाही. खोटं बोललाय माणूस, जमीन लुबाडलीय माणसानं, आणि मासे जाताहेत. होशेयाच्या डोळ्यांपुढे त्याचा देश आणि त्यातला दुष्काळ होता. जीवशास्त्रातली 'जात' त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण माणसाच्या अन्यायाचं बिल मुक्या जिवांच्या नावावर फाटतं, हे त्यानं जितकं स्वच्छ सांगितलं तितकं आजही फार थोडे लोक सांगतात.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, योशीया राजाच्या काळात, सफन्या हा संदेष्टा. पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, मी भूमीवरून सगळं झाडून टाकीन: माणसं आणि जनावरं, आकाशातली पाखरं, समुद्रातले मासे. हा क्रम उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाशेजारी ठेवा. तिथे मासे आणि पाखरं पाचव्या दिवशी, जनावरं आणि शेवटी माणूस सहाव्या दिवशी. सफन्या तीच यादी शेवटाकडून वाचतो. निर्मिती उलटी फिरवली जातेय. यिर्मया चौथ्या अध्यायात हेच डोळ्यांनी बघतो: पृथ्वी पुन्हा आकारहीन आणि शून्य, आकाशात उजेड नाही, माणूस नाही, पाखरं उडून गेलेली. मला विचाराल तर नामशेष होण्याची बायबलमधली खरी कल्पना ही आहे: झालेली सृष्टी माघारी जाणं.

"मग जलप्रलयात तारू बांधणाऱ्या नोहाचं काय? देवानं तर वाचवलं ना सगळ्यांना?" हो, वाचवलं. शेतकरी उपाशी राहतो पण बियाण्याच्या पोत्याला हात लावत नाही, तसं ते तारू आहे. उत्पत्ती 7:3 मध्ये कारणही दिलंय, पृथ्वीवर त्यांचं बीज जिवंत राहावं. पुढे नवव्या अध्यायात देव करार करतो, तो फक्त नोहाशी नाही, तारवातून निघालेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी. हे तिथे पुन्हा पुन्हा येतं, कुणी विसरू नये म्हणून आल्यासारखं. आपल्या प्रवचनांमध्ये मेघधनुष्य येतं, माणूस येतो, आणि करारातला हा दुसरा पक्ष मागे राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण कराराचे शब्द बघा. मी पुन्हा जलप्रलयानं सगळ्यांचा नाश करणार नाही, असं देव म्हणतो. माणूस नाश करणार नाही, असं तो म्हणत नाही. माणसासाठी वेगळे नियम येतात. अनुवाद 22: घरट्यात पक्षीण पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली दिसली तर दोघांना धरू नको, पिल्लं घे, आईला सोडून दे. खा, पण वंश तोडू नको. आणि हे पाळलं तर काय मिळेल? तुझं भलं होईल, तुला दीर्घायुष्य मिळेल. आईबापाचा मान राखणाऱ्याला हेच वचन दिलेलं आहे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, टाळता येणार नाही असा. पेत्राचं दुसरं पत्र, तिसरा अध्याय. आकाश नाहीसं होईल, सृष्टितत्त्वं तापून विरघळतील. यावरून काही प्रचारक सांगतात, शेवटी सगळं जळायचंच आहे, मग गिधाडं राहिली काय, गेली काय. हे वाचन मला अजिबात पटत नाही. त्याच अध्यायात पेत्र जलप्रलयाची आठवण देतो. तेव्हाही जगाचा नाश झाला असं तो म्हणतो, आणि पाणी ओसरल्यावर तीच पृथ्वी वर आली, तीच जनावरं तारवातून उतरली. न्याय म्हणजे राखरांगोळी, असं शास्त्रात दर वेळी होत नाही. पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो, की सारी सृष्टी कण्हते आहे, वेणा देते आहे, तिलाही मुक्ती हवी आहे. जाळून टाकायच्या वस्तूला मुक्तीची वाट कशाला बघायला लावायची? आणि प्रकटीकरण 11:18 तर थेट म्हणतं: पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आली आहे. आरोपी कोण, हे तिथे स्पष्ट आहे.

चर्चनं हे उघड बोलायला फार उशीर केला. 1997 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू बार्थोलोम्यू यांनी माणसानं जीवजाती नामशेष करणं हे पाप आहे, असं त्याच शब्दात सांगितलं. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिलं, की आपल्यामुळे हजारो जाती आता आपल्या असण्यानं देवाचा गौरव करू शकणार नाहीत, आणि तसं करण्याचा आपल्याला अधिकार नाही. ईयोबाचे ते अध्याय ज्यानं जीव लावून वाचलेत, त्याला हे वाक्य नवं वाटणार नाही.

1 सप्टेंबर हा दिवस अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. तुमच्या पाळकांशी किंवा फादरांशी आधी बोला, आणि त्या दिवशी होशेयाचा चौथा अध्याय वाचायला सुचवा. पहिली तीन वचनं पुरेत. मागे राहिलेला प्रश्न कॉमेंटमध्ये लिहा, खासकरून पेत्राच्या पत्राबद्दल. त्यावर वेगळा व्हिडिओ करायची माझी तयारी आहे.