नाव विचारणारा आणि नंबर बघणारा

मंडळी, नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फायली ठेवता येतात ती डिस्कची पेटी, घरात आलं, डिस्क बसल्या, हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मग सेटिंगचं एक पान उघडतं आणि समोर चौकोनच चौकोन: एसएमबी, एनएफएस, एएफपी, एफटीपी, वेबडॅव्ह. या सगळ्या नेटवर्कवरून फायली नेण्या-आणण्याच्या पद्धती. आपण सगळ्यांवर टिक करून मोकळे होतो. असू दे, लागेल कधीतरी. माळ्यावरची रिकामी खोकी आपण याच न्यायाने साठवतो.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मीही तेच केलं. माझ्या आणि मुलीच्या, दोन्ही लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. एनएफएस वेगवान असतं असं ऐकलेलं, म्हणून ते जोडलं. महिनाभर छान चाललं. एका रविवारी जागा करायची म्हणून तिने 'जुनं' नावाचं फोल्डर उडवलं. त्यात माझ्या आईच्या पत्रांचे स्कॅन होते. फोल्डर माझं, परवानगी फक्त मला, तरी नॅसने हूं की चूं केलं नाही.

असं कसं? सदाशिव पेठेत मेसला जेवलेल्यांना पटकन कळेल. कूपनावरचा नंबर बघून ताट वाढतात, चेहरा कोण बघतो! सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस आणलं, ते जिथे सगळी यंत्रं एकाच अ‍ॅडमिनच्या ताब्यात असत आणि कुणाचा नंबर कोणता हे तोच ठरवी, अशा जागी शोभणारं. साध्या मांडणीत लॅपटॉप सांगतो 'मी नंबर १०००', नॅस म्हणतं 'या, बसा'. उबुंटू बसवताना जो पहिला वापरकर्ता बनतो, त्याला १००० मिळतो. माझ्या लॅपटॉपवर मी १०००, तिच्या लॅपटॉपवर ती १०००. नॅसच्या लेखी बाप-लेक एकच. कर्बेरॉस नावाची तपासणीची यंत्रणा लावून ओळख पटवता येते, नाही असं नाही. पण दोन लॅपटॉपांसाठी ते करणं म्हणजे एका डब्यासाठी अख्खी मेस काढणं. (हशा)

एसएमबी नाव आणि पासवर्ड विचारतं. घरात मला एवढंच हवंय. विंडोजची तर ती मातृभाषाच, आणि लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये ते काम सांबा नावाचं सॉफ्टवेअर करतं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने ते सुरू केलं. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधताना हे नाव हाती लागलं. मॅकवाल्यांनी एएफपी या त्यांच्या जुन्या पद्धतीचा लोभ सोडावा. खुद्द अ‍ॅपलनेच २०१३ साली मॅव्हेरिक्समध्ये एसएमबीला पहिला मान दिला. टाइम मशीन हा मॅकचा बॅकअपही त्यावर चालतो.

वेगाचं म्हणाल, तर गिगाबिट तारेतून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. लग्नाचा मोठा व्हिडिओ एनएफएस आणि एसएमबी दोन्हींतून साधारण सारख्याच वेळात जातो. हजारो बारक्या फायली असल्या तर फरक जाणवतो. पण आधी राउटरचं पोर्ट बघा. ते १०० मेगाबिटचं निघालं, तर सगळ्यांचीच घोडी सेकंदाला बारा मेगाबाइटच्या आत अडतात.

एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र बंदच ठेवा. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या त्याच आवृत्तीतल्या भोकातून पसरलं होतं. आणि एसएमबीचं दार, म्हणजे ४४५ नंबरचं पोर्ट, राउटरवरून बाहेर उघडू नका. नाशिकला बसून फोटो बघायचेत? व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची खासगी कुलूपबंद वाट, लावा.

आमचा जुना स्कॅनर हट्टी. त्याला एसएमबी येतं ते पहिलंच. त्याच्यासाठी मी एफटीपीवरची टिक राहू दिली. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ साली, एमआयटीत असताना, हा प्रोटोकॉल मांडला. म्हणजे या हॉलमधल्या कितीतरी जणांपेक्षा तो वडील. पासवर्ड मात्र उघड्यावर पाठवतो. म्हणून स्कॅनरला वेगळं खातं, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड आणि एकच फोल्डर. रात्री झोपण्याआधी त्यातल्या फायली मी उचलून माझ्या फोल्डरात नेतो. नशीब, मूळ पत्रं कपाटात होती. सध्या दुसऱ्यांदा स्कॅन करतोय, १९८२ पर्यंत आलोय.