कॉन्डोरच्या पोटातला साप

पेरूचा उत्तर किनारा. चिकामा नदीच्या खोऱ्यात, समुद्राला लागून असलेलं हे टेकाड म्हणजे वाका प्रिएता. १९४६ साली जुनियस बर्ड या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने इथे खणायला घेतलं आणि सुती कापडाचे हजारो तुकडे निघाले. मळकट, तपकिरी. नक्षीचा मागमूस नाही.

नक्षी होती. साडेचार हजार वर्षांत रंग उडाला होता, पण धागे जागचे हलले नव्हते. हे मागावरचं कापड नव्हे. ताण्याच्या धाग्यांना बाण्याच्या जोडधाग्याने हातानेच पीळ घालत नेलेलं. आकृती हवी तिथे ताण्याचा धागा ओळीगणिक जरासा बाजूला सारलेला. कोणता धागा कुठून कुठे सरकला, हे बर्ड यांनी भिंगाखाली पाहून एकेक करून कागदावर उतरवलं. हळूहळू दिसू लागला पंख पसरलेला कॉन्डोर, म्हणजे अँडीज पर्वतातलं भलंमोठं गिधाड. मान एका बाजूला, चोच बाकदार. आणि पोटात साप.

पर्यटकांना हमखास सांगतात: कॉन्डोर म्हणजे आकाश, प्युमा (तिथला मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) म्हणजे पृथ्वी, साप म्हणजे पाताळ. ऐकायला झकास. पण ही वाटणी इंकांच्या नावावर सांगितली जाते, आणि इंका साम्राज्य या कापडानंतर जवळपास चार हजार वर्षांनी उभं राहिलं. शिवाय आकाशाच्या पोटात पाताळ कसं शिरलं? विणणाऱ्यांनी लिहून काही ठेवलं नाही, लिपीच नव्हती. दिसतं ते एवढंच, की एका प्राण्यात दुसरा प्राणी राहतो. इथल्याच दुसऱ्या एका तुकड्यावर खेकड्यांचे साप होताना दिसतात.

हीच खोड दोनेक हजार वर्षांनी दक्षिणेला, पाराकासच्या वाळवंटात पुन्हा भेटते. १९२७ साली पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेलो यांच्या चमूला तिथल्या वारी कायान या दफनभूमीत ४२९ गाठोडी सापडली. आत बसवलेले मृतदेह, भोवती कापडाचे थरावर थर. पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे लाल, हिरवा, निळा अजून ताजा. इथले प्राणी विणलेले नाहीत. डोंगराकडून आलेल्या लोकरीच्या धाग्याने भरतकाम करून काढलेले आहेत. मांजराच्या अंगात छोटं मांजर, शेपटीच्या टोकाला साप.

काही शालींचं भरतकाम अपुरंच राहिलंय. त्यांच्यावरून कारागिरांची रीत कळते: आधी सगळ्या आकृत्यांच्या कडा, मग आतले रंग.