आज झोपायचं कोणी?

[दृश्य: पहाट. निफाडजवळची द्राक्षबाग. मंडपाच्या तारेवर दव.]

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन महिना झालाय. आता बागायतदाराला धास्ती एकच: पान किती वेळ ओलं राहिलं? ओल टिकली की डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाला, आवतणच. ती ओल टिपायला मंडपात जागोजाग सेन्सर टांगलेत. वायर नाही. डबीत दोन पेन्सिल सेल, बस.

सेल खातो तो रेडिओ. शेजारच्या सेन्सरचा निरोप पुढे धाडायचा तर कान उघडे ठेवावे लागतात, आणि नुसतं ऐकत बसण्यातच वीसेक मिलिअँपिअर जातात. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल धरा. १०० तास, म्हणजे चार दिवस. झोपलेला सेन्सर मात्र काही मायक्रोअँपिअरवर भागवतो.

[दृश्य: मातीत काडीने काढलेली आकृती.]

तीन सेन्सर: अ, ब, क. तीन जागा: विहीर, बांध, शेड. प्रत्येकाच्या टप्प्यात दोनच जागा, पण जोडी प्रत्येकाची वेगळी. म्हणजे कुठलेही दोघे जागे असले की तिन्ही जागा राखल्या गेल्या. एकेकाचा सेल दहा दिवस जागेल असं समजू. अ-ब सलग जागवले तर दहा दिवसांत दोघे गार. उरलेल्या क-ला एक जागा दिसतच नाही. आता पाळी लावा. अ-ब पाच दिवस, ब-क पाच, क-अ पाच. झाले पंधरा! सेल तेच.

एकाच सेन्सरला अशा अनेक जोड्यांत घेण्याचा विचार संगणकशास्त्रज्ञ मिहाएला कार्देई आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडला. तीन सेन्सरचं कोडं काडीनं सुटतं. तीनशेंची सगळ्यात चांगली पाळी शोधताना कॉम्प्युटरही घाम गाळतो. मग जवळपासच्या उत्तरावर काम भागवायचं.

पाळी आपल्याला नवी नाही म्हणा. मोसम नदीच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या शेतपट्ट्यांवर, पाणी पाळीनंच फिरतं, राखणीला जागल्या असतो. पण जागल्या दिवसा झोपून रात्री ताजा होतो. सेलचं तसं नाही; झोपेत तो फक्त संपायचा थांबतो.

[दृश्य: बागेचा खोलगट कोपरा, ओहोळाकडेचा.]

दव इथं जास्त वेळ रेंगाळतं. आणि या कोपऱ्यापर्यंत पोचणारा सेन्सर एकच. त्याला बदली नाही. बाकीच्यांत कितीही सेल उरू दे, हा गेला की कोपरा आंधळा.

[दृश्य: शिडी. बाइंडिंग तारेनं दुसरी डबी बांधणारे हात.]